गणपतीत न बिघडणारा कॉम्प्युटर

काकांचा फोन आला तेव्हा पहिलंच वाक्य होतं, "अरे, माझ्या कॉम्प्युटरात कुणीतरी शिरलंय. पासवर्ड बदलून टाकलाय." आवाज असा, की घराचं कुलूपच कुणी बदललंय. मी विचारलं, मग आत्ता काय करताय? तर म्हणाले, "आत्ता उघडलाय. दुसऱ्यांदा चालू केला तर तोच जुना पासवर्ड चालला." चोर पासवर्ड बदलतो आणि दहा मिनिटांनी परत जागेवर ठेवून जातो, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. खटकलं नाही. ही जुलै २०२५ मधली गोष्ट, आणि प्रकरण मिटायला सप्टेंबरचा मध्य उजाडला. त्यातला निम्मा उशीर माझ्यामुळे झाला, म्हणून सगळं सविस्तर लिहून ठेवतोय.

काका-काकू इंदूरला लोकमान्यनगरात राहतात. काका बँकेतून २०१४ साली निवृत्त झाले आणि त्याच वर्षी जेल रोडवरून हा डेस्कटॉप जुळवून घेतला. चौथ्या पिढीचा आय-थ्री, साधी फिरती हार्ड डिस्क, पुढे कधीतरी विंडोज १० टाकलेलं. की-बोर्ड मात्र गेल्या वर्षीचा, बिनवायरचा. मशीनवर खाती दोन. एक काकांचं, दुसरं काकूचं. काकूच्या खात्याला कधीच काही झालं नाही, तिचा पासवर्ड रोज पहिल्या फटक्यात चालायचा. काकांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की चोराला फक्त त्यांच्या पेन्शनमध्ये रस आहे.

तक्रारी एकूण चार होत्या. सकाळी चालू केला की कधीकधी काळ्या पडद्यावर इंग्रजीत काहीतरी येतं आणि एफ१ दाबावं लागतं. मग पासवर्ड चुकीचा म्हणतो, पण नेहमी नाही. तारीख मागे जाते आणि बँकेची साइट उघडायला गेलं की ब्राउझर म्हणतो, तुमचं घड्याळ मागे आहे. आणि बटण दाबून धरून बंद करून पुन्हा चालू केला, की बहुतेक वेळा मुकाट चालतो. काकांच्या एका मित्राचे नुकतेच ऑनलाइन फसवणुकीत पैसे गेले होते, त्यामुळे या चारही गोष्टी त्यांनी एका माळेत ओवल्या. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनचा आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला होता. फोन करायचा की नाही, एवढाच प्रश्न उरला होता.

जवळच्या एका दुकानदाराला आधी दाखवून झालं होतं. तो म्हणाला, विंडोज खराब झालंय, फॉरमॅट करू. आणि मदरबोर्डही जुना झालाय, खरं तर नवीनच घ्या.

माझी पहिली फेरी, म्हणजे माझी चूक

१० ऑगस्टला रविवारी दुपारी गेलो. मशीन चालूच होतं. व्हायरसची तपासणी लावली, ती चार तास चालली आणि काही सापडलं नाही. मधल्या वेळात काकूचं जेवण. मग सात-आठ वेळा रीस्टार्ट केलं. दर वेळी सरळ चालू. काळा पडदा नाही, पासवर्डचा रुसवा नाही.

तेवढ्यात लॉगिनच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात भाषेची खूण दिसली. काका मराठीत पत्रं लिहितात, त्यासाठी त्यांनी मराठी इनस्क्रिप्ट की-बोर्ड घातलेला. म्हटलं, सापडलं! लॉगिनला इंग्रजीऐवजी मराठी की-बोर्ड राहिला, की हाताने इंग्रजी अक्षरं दाबली तरी आत देवनागरी जाते, आणि पासवर्डाच्या जागी नुसती टिंबंच दिसत असल्याने कळत नाही. काकांना नोटपॅडमध्ये करून दाखवलं. मराठी की-बोर्ड ठेवून इंग्रजी 'लोटस'च्या पाच कळा दाबल्या, तर उमटलं 'तदूहे'. काका खूश. "म्हणजे मी रोज तदूहे टाकत होतो!" मी लॉगिनसाठी इंग्रजी कायम केलं, त्यांचा पासवर्ड माझ्या हाताने टाकून पाहिला, चालला. निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेआठला फोन. "अरे, तदूहे नाहीये ते."

निदान चुकलं यात काही विशेष नाही. पण ज्या चाचणीवर मी ते पक्कं केलं, तीच कुचकामी होती. पासवर्ड मी टाकला होता, काकांनी नाही. वेळ दुपारची होती, बिघाड सकाळचा. आणि रीस्टार्टमध्ये मशीनची वीज तुटत नाही. मी ज्याची परीक्षा घेतली तो वेगळाच कॉम्प्युटर होता म्हणा ना.

फोनवर काकांना एवढंच सांगितलं, की वहीत नोंद ठेवा. बँकेतला माणूस, वही म्हटल्यावर त्यांना हुरूप आला. तारीख, वेळ, काय झालं, कितव्या प्रयत्नात उघडलं, असे चार रकाने पट्टीने आखले.

१२ सप्टेंबर

महिनाभर मी कामात होतो. शुक्रवारी सकाळी काकांचा फोन आला, या वेळी आवाज अगदी बारीक. "सगळं गेलं रे." पासवर्ड चालला, पण आत डेस्कटॉप कोरा. कुलवृत्तांताची फाइल नाही, पेन्शनचे कागद नाहीत, फोटो नाहीत. कोपऱ्यात एक सूचना येऊन गेली, तिच्यात 'टेम्पररी' असा शब्द होता.

हा शब्द त्यांनी वाचला हे नशीब. विंडोजला तुमचं प्रोफाइल, म्हणजे तुमच्या खात्याच्या मांडणीची फाइल, नीट उघडता आली नाही, की तो तुम्हाला एका तात्पुरत्या कोऱ्या खोलीत बसवतो. तुमचं सामान मूळ खोलीतच असतं. धोका निराळाच आहे. या तात्पुरत्या खोलीत तुम्ही जे काही साठवाल, ते साइन आउट करताच पुसलं जातं. आणि काकांनी त्या सकाळी घाबरून, जे जे आठवतं ते लिहून ठेवू म्हणून, दोन पानांची यादी टाइप करून डेस्कटॉपवर ठेवली होती.

मी सांगितलं, "काही बंद करू नका. साइन आउट नाही, शट डाउन नाही. मी संध्याकाळी येतो." मशीन दिवसभर तसंच चालू राहिलं, काकूच्या नाराजीसकट.

संध्याकाळी आधी ती दोन पानं पेनड्राइव्हवर घेतली. मग काकूच्या खात्यातून सी ड्राइव्हच्या यूझर्स फोल्डरमध्ये गेलो. काकांचं फोल्डर जागच्या जागी, सगळं सामान शाबूत. ते आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवलं. त्याला दोनेक तास गेले आणि त्या दोन तासांत मी कशालाही हात लावला नाही. साध्या रीस्टार्टनेही हा प्रकार पुष्कळदा सुटतो. इथे सुटला नाही. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोज आपली सेटिंग जिथे नोंदवून ठेवतो तिथे, प्रोफाइललिस्ट नावाची फांदी असते, तीत प्रत्येक खात्याचा एक लांबलचक क्रमांक. काकांचा क्रमांक तिथे दोनदा होता. एक साधा, तात्पुरत्या खोलीकडे बोट दाखवणारा. दुसरा खरा, पण त्याला 'बॅक' अशी शेपटी लागलेली. फांदीची प्रत काढून ठेवली, साध्याचं नाव बदललं, खऱ्याची शेपटी तोडली, रीस्टार्ट. डेस्कटॉप परत आला. काका पाच मिनिटं काही बोलले नाहीत, नुसते फोटो उघडून बघत होते.

दुकानदाराचं ऐकून फॉरमॅट केला असता तर? काका तर नवा कॉम्प्युटर घ्यायलाही तयार झाले होते. जुना वाचला तो माझ्यामुळे नाही. ७ सप्टेंबरला पितृपक्ष लागला होता आणि काकूने बजावलं होतं, पंधरा दिवस घरात नवी वस्तू येणार नाही.

वही

त्या रात्री पोहे खाता खाता, वर जीरावन हा इंदुरी मसाला भुरभुरलेले, काकांची वही चाळली. ११ ऑगस्टपासून जवळजवळ रोज नोंद. आणि २७ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर एकही नाही. ८ तारखेपासून पुन्हा रोज.

मी विचारलं, या दिवसांत कॉम्प्युटर लावला नव्हता का? "लावला होता की. रोज सकाळी बंदचा चालू करून अथर्वशीर्ष, संध्याकाळी आरत्या. एकदाही अडला नाही." थोडं थांबून म्हणाले, "बाप्पा होते ना घरात."

२७ ऑगस्टला गणेश चतुर्थी, ६ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. मी म्हटलं, बाप्पा होते हे खरं, पण बाप्पांबरोबर आणखी काय होतं? मखराला दिव्यांची माळ होती. माळ कुठे लावली होती? काकूने बोट दाखवलं: कॉम्प्युटरच्याच एक्स्टेंशन बोर्डात. माळ रात्रभर चालू. म्हणजे भिंतीवरचं बटण त्या दिवसांत बंद झालंच नाही. मखर ७ तारखेला आवरलं, त्या रात्री बटण पुन्हा बंद, आणि ८ ला सकाळी काळा पडदा.

एरवी काकू रोज रात्री घरभर फिरून बटणं बंद करते. पूर्वी पावसात वीज कडाडली आणि राउटर जळाला, तेव्हापासूनचा नियम.

मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२. नावातच माप आहे: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ चालवायचं आणि सुरुवातीच्या सेटिंगची आठवण राखायची, हे त्याचं काम. पण कॉम्प्युटर नुसता शट डाउन असेल आणि भिंतीवरचं बटण चालू असेल, तर पॉवर सप्लाय ५ व्होल्टची एक बारीक धार सोडत राहतो, आणि घड्याळ तिच्यावरच चालतं. तेव्हा सेल मेलेला असला तरी कुणाला पत्ता लागत नाही. बटण बंद झालं की सगळा भार सेलवर. तोच मेला असेल तर सकाळी मशीन स्मृतिभ्रंश झाल्यासारखं उठतं: तारीख मूळची, सेटिंग मूळचं, आणि पडद्यावर 'सीमॉस चेकसम एरर, एफ१ दाबा', म्हणजे जपून ठेवलेली सेटिंग जुळत नाहीत. काकांच्या मशीनची मूळ सेटिंग त्यांच्या विंडोजला चालणारी होती, म्हणून ते निदान चालू तरी व्हायचं. डिस्कची पद्धत बदलून बसली असती तर थेट निळा पडदा आला असता.

घड्याळ इंटरनेटवरून आपोआप का सुधारलं नाही, हेही त्यातच आलं. साध्या घरगुती मशीनवर विंडोजची वेळेची सेवा ५४,००० सेकंदांपर्यंतचा, म्हणजे १५ तासांपर्यंतचा फरक भरून काढते. त्यापेक्षा मोठी तफावत दिसली की ती वेळ संशयास्पद मानून हात लावत नाही. इथे तफावत अकरा वर्षांची होती. आणि अकरा वर्षांपूर्वीच्या घड्याळाने पाहिलं तर बँकेचं आजचं सुरक्षा प्रमाणपत्र अजून जन्मायचंय.

राहिला पासवर्ड. सेल मेल्याने पासवर्ड चुकत नाही. शनिवारी काकांना म्हटलं, उद्या मी आल्याशिवाय चालू करू नका. आणि आज रात्री काकूला बटण बंद करू दे.

काकांचा उजवा हात

रविवारी सकाळी साडेसातला पोहोचलो. सांगितलं, रोज करता तसंच करा, मी नाही असं समजा. काकूने भिंतीवरचं बटण दाबलं, काकांनी कॅबिनेटचं. काळा पडदा, इंग्रजी ओळ. एफ१. मग गोल गोल फिरणारी टिंबं, बराच वेळ. लॉगिनचा पडदा आला आणि काकांनी की-बोर्डच्या उजव्या कोपऱ्यात टक, टक, टक असं तीनदा काहीतरी दाबलं.

"हे काय केलंत?"

"नमलॉक. मशीन जिवंत आहे का बघतो. आमच्या बँकेत अडकलं की असंच बघायचो. दिवा लागला-विझला तर जिवंत."

"पण या की-बोर्डला दिवाच नाहीये, काका."

"सवय रे."

मग पासवर्ड. डाव्या हाताने पाच अक्षरं, सावकाश, एकेक कळ शोधून. आणि उजवा हात न बघता नंबर पॅडवर गेला आणि चार आकडे असे पडले, की नोटा मोजताना अंगठा चालतो तसे. नोकरीला लागल्याचं साल, १९७६. एंटर. पासवर्ड चुकीचा.

म्हटलं पुन्हा टाका, आणि या वेळी एंटर दाबू नका. मी टिंबं मोजली. कळा नऊ दाबल्या, टिंबं पाच.

नमलॉक बंद असलं की नंबर पॅडवरचा १ म्हणजे 'एंड', ९ म्हणजे 'पेज अप', ७ म्हणजे 'होम', ६ म्हणजे उजवा बाण. एकही आकडा उमटत नाही, कर्सर नुसता इकडून तिकडे फिरतो. काकांनी नमलॉक दोनदा दाबलं तर ते जागेवर येतं, एकदा किंवा तीनदा दाबलं तर बंद. कितीदा दाबायचं हे त्या दिवशीच्या काळजीवर. म्हणून कधी चुकायचा, कधी नाही. ज्या दिवशी काळा पडदा नाही, त्या दिवशी काळजी नाही, म्हणून नमलॉकची टकटक नाही, म्हणून पासवर्ड बरोबर. काकू आकडे वरच्या ओळीतून टाकते. मी पण. आम्हा दोघांना हा बिघाड आयुष्यभर दिसला नसता.

कॅबिनेट उघडून मल्टिमीटर लावला. नवा सेल तीनच्या थोडा वर दाखवतो, हा १.९ वर होता. नवा चाळीस रुपयांना मिळाला. बसवताना वायर काढून चालू करायचं बटण दोन-चार सेकंद दाबून धरलं, उरलीसुरली वीज उतरावी म्हणून. तारीख-वेळ घातली.

काकू आणि सतरावा सेकंद

कोऱ्या डेस्कटॉपचा उलगडा अजून बाकी होता. विंडोजची इव्हेंट नोंदवही उघडली. तीत आधी गंमत दिसली: २०२५ च्या नोंदींच्या मध्येच २०१४ च्या नोंदी घुसलेल्या, आणि त्यांच्या शेजारी घड्याळ बदलल्याची नोंद. त्याखेरीज ४१ आणि ६००८ क्रमांकाच्या नोंदींची रांग. दोन्हींचा अर्थ, मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. काही काकांच्या दाबून धरलेल्या बटणाच्या. पण ज्या रात्री त्यांनी व्यवस्थित शट डाउन केलं होतं, त्यांच्या दुसऱ्या दिवशीही होत्याच.

म्हटलं काका, शट डाउन करा. मोबाइलवर घड्याळ लावून बसलो. अकराव्या सेकंदाला मॉनिटर काळा. काकू स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि सतराव्या सेकंदाला तिने भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. मी थांबवलं. कॅबिनेटवरचा डिस्कचा दिवा तेव्हा लुकलुकत होता, आणि अडतिसाव्या सेकंदापर्यंत लुकलुकत राहिला.

विंडोज १० मध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर शट डाउन म्हणजे पुरतं बंद होणं नव्हे. तुम्हाला बाहेर काढून विंडोज आपला गाभा डिस्कवरच्या हायबरनेटच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो, म्हणजे सकाळी लवकर उठता यावं. जुन्या फिरत्या डिस्कवर या लिखाणाला वेळ लागतो आणि तोवर पडदा केव्हाच काळा झालेला असतो. रोज रात्री काकू त्या लिखाणाच्या मध्यात वीज तोडत होती. विंडोज बहुतेक वेळा सावरतो. ११ तारखेच्या रात्री काकांच्या प्रोफाइलची फाइल त्यात सापडली असावी. १२ च्या सकाळी १५११ क्रमांकाची, प्रोफाइल न सापडल्याची नोंद आहे. डिस्कच नासत चाललीय का हेही पाहिलं, पण तिची प्रकृती ठीक निघाली.

काका लगेच म्हणाले, "बघ, मी म्हणत होतो, ही बटणं बंद करते म्हणून." मला ते पटलं नाही. पावसाळ्यात वीज पडते त्या गावात रात्री बटण बंद करणं शहाणपणाचंच आहे. मशीनला ते सोसलं पाहिजे. म्हणून बटण चालू ठेवण्याचा सोपा उपाय मी सांगितला नाही. फास्ट स्टार्टअप बंद केलं. सकाळी चालू व्हायला आता मिनिटभर जास्त लागतं, पण रात्री पडदा काळा झाल्यावर दिवा पाच-सहा सेकंदांत विझतो. काकूला तो दिवा दाखवला. विझला की मग बटण.

नमलॉकच्या सवयीचं काही करता येण्यासारखं नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी काका वरच्या ओळीत आकडे शोधणार नाहीत, शोधूही नयेत. जुना वायरवाला की-बोर्ड माळ्यावरून काढून धुऊनपुसून लावला. त्याला हिरवा दिवा आहे. पासवर्डही बदलून दिला, साल मात्र दुसरं.

विंडोज १० चा मोफत आधार, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपायचा होता आणि हे मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. ते काकांना सांगितलं. त्यांनी पितृपक्ष संपल्यावर बघू म्हटलं, मग दसऱ्यानंतर बघू म्हटलं.

दिवाळीत काकूने विचारलं, आकाशकंदिलाची वायर त्याच बोर्डात लावू का? मी म्हटलं, नको. मला ते बटण रोज रात्री बंद झालेलं हवंय. भाऊबीजेला गेलो तेव्हा काकांनी न मागता वही पुढे केली. १५ सप्टेंबरपासून रोजची तारीख, रोजची वेळ, आणि तिसऱ्या रकान्यात प्रत्येक ओळीत एकच शब्द, बँकेतल्या अक्षरात: निरंक.